अणुऊर्जेच्या स्टॉलवर सोयरीक

“मॅडम, हे मशीन या पोराच्या अंगावरून फिरवा. इथंच. माह्या डोयासमोर.”

एवढं बोलून रामदासभाऊ आमच्या टेबलाला टेकून उभे राहिले. पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि बाजारात बैलाचे दात पाहणाऱ्या माणसाची नजर. शेजारी त्यांच्या पत्नी कमलवहिनी, हातातली पिशवी पोटाशी घट्ट धरून. आणि ज्याच्या अंगावरून मशीन फिरवायचं, तो निलेश गावंडे माझ्या बाजूला उभा. निलेश आमच्या अणुवीज केंद्रात कंट्रोल रूमचा इंजिनिअर. तिथे अलार्म वाजले तरी याच्या कपाळावर आठी पडत नाही. आत्ता मात्र त्याला दरदरून घाम फुटला होता.

हे सगळं चाललं होतं अकोल्याच्या एका कृषी प्रदर्शनात. आमच्या डावीकडे फवारणी पंपांचा स्टॉल, उजवीकडे ठिबक सिंचनाचा, आणि मधे आम्ही.

आधी माझं काम सांगते. मी हेल्थ फिजिसिस्ट. आता रिटायर झाले, तेव्हा नोकरीत होते. नाव भारी, काम सरळ. अणुवीज केंद्रात कोणाला किती रेडिएशन लागलं, कुठल्या खोलीत किती आहे, बाहेर किती जातं, हे मोजत राहायचं. कोणी मर्यादेजवळ गेलं की त्याला कामावरून बाजूला काढायचं, मग तो वेल्डर असो की मॅनेजर. त्यामुळे केंद्रात माझ्यावर फार लोकांचं प्रेम नव्हतं.

माझं माहेर अमरावतीचं, राजापेठेतलं. तेवढ्या भांडवलावर कर्णिकसाहेबांनी मला या प्रदर्शनाला धाडलं. कर्णिकसाहेब आमचे जनसंपर्क प्रमुख, पक्के मुंबईचे.

“तुम्हाला तिकडची भाषा येते,” ते म्हणाले. “लोकांच्या मनातली भीती काढा. जगाची ऊर्जेची गरज कशी वाढतेय, कोळशावर किती दिवस काढणार, हे सगळं सांगा. आणि गर्दीचे फोटो पाठवा.”

सोबत त्यांनी एक भलामोठा फ्लेक्स दिला. ‘जगाची ऊर्जेची गरज आणि अणुशक्ती’. खाली पृथ्वीचा निळा गोळा. स्टॉल उघडल्यावर पहिल्याच शेतकऱ्याने तो फ्लेक्स अक्षर न् अक्षर वाचला. मला म्हणाला, “जगाचं जाऊ द्या बाई. माह्या मोटरले दिवसा लाइन देता का?”

मी सांगितलं, आमचं केंद्र दिवसरात्र एकसारखं चालतं. ढग आले, वारा पडला, काही फरक पडत नाही. धूरही नाही.

“मंग आमाले रातीच काहून भेटते?”

म्हटलं, विजेच्या वेळा आम्ही ठरवत नाही.

“म्हंजे तुमच्याही हातात काई नाई,” असा निकाल देऊन तो फवारणी पंपाकडे वळला. त्यानंतर मी कोणाला जगाविषयी आपणहून काही सांगितलं नाही.

लोक थांबायचे ते मशीनसाठी. सर्व्हे मीटर म्हणतात त्याला. हातात धरायचा छोटा डबा, त्याला एक नळी. रेडिएशन आलं की टिक असा आवाज करतो. कुठेही नेला तरी थोडं टिकटिक चालूच राहतं, कारण मातीत, दगडात, आकाशातून येणाऱ्या किरणांत, आपल्या जेवणातसुद्धा थोडं रेडिएशन असतंच. ते जन्मापासून आपल्या सोबत आहे. मी जुन्या गॅसबत्तीची एक जाळी नेली होती, लग्नात डोक्यावर घेऊन चालायचे त्या बत्तीची. त्या जाळीत थोरियम असतं. मीटर जवळ नेला की तो करकर वाजायचा आणि म्हातारी माणसं खूश व्हायची. “आमी ह्याच्याखाली जेवलो बाप्पा!” एक आजोबा म्हणाले होते.

आता निलेशचं. या प्रदर्शनाला येण्यासाठी त्याने स्वतःहून नाव दिलं होतं. तिथेच मला शंका यायला हवी होती, कारण आमचे इंजिनिअर अशा कामाचं नाव काढलं की आजारी पडतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना त्याने तोंड उघडलं. अमरावतीला राजापेठेत प्राजक्ता नावाची मुलगी आहे. ट्यूशन क्लासमध्ये गणित शिकवते. दोघांचं ठरलं आहे. तिच्या आईला मान्य आहे. वडील नाहीत, म्हणून शेवटचा शब्द मोठ्या मामांचा, म्हणजे बार्शीटाकळीच्या रामदासभाऊंचा. मामांनी घर पाहिलं, वावर पाहिलं, पगार विचारला, सगळं पसंत पडलं. मग विचारलं, नोकरी कुठे?

“आता म्हणतात, पोरगा चांगला आहे, पण अणूत आहे.”

“मग?”

निलेश बुटांकडे पाहायला लागला. “मॅडम, त्यांना वाटतं की... मुलं होणार नाहीत.”

“त्यांना सांग, आपल्या कॉलनीच्या शाळेत ॲडमिशन मिळत नाही इतकी पोरं आहेत.”

“सांगितलं. ते म्हणाले, लोकाचं नको सांगू, तुह्यं पाहू. उद्या इथं येतात.”

आमच्याकडे सोयरीक ठरायच्या आधी मुलीकडची माणसं चौकशी करतात. मुलाच्या गल्लीतल्या पानटपरीवर, शेजारच्या काकूंकडे, ऑफिसच्या शिपायाकडे. सर्टिफिकेटवर कोणी विश्वास ठेवत नाही. रामदासभाऊंनी या रिवाजात एक पाऊल पुढे टाकलं होतं. ते थेट मुलाच्या अंगाची चौकशी करायला आले होते. मला खरं तर ते आवडलं. ज्याला मोजून पाहायचं असतं तो माझ्या मते शहाणा माणूस.

तर मी मीटर उचलला आणि निलेशच्या अंगावरून फिरवला. डोकं, गळा, छाती, पोट, हात, पाय. टिक... टिक... टिक. मग मीटर हवेत धरला. टिक... टिक... टिक.

“ऐका भाऊ. हवेत जितकं, तितकंच याच्या अंगावर.”

“मशीन चालू हाये का?”

मी गॅसबत्तीची जाळी जवळ नेली. करकर झालं.

“मंग याले काहून वाजत नाई?”

“नाही म्हणून वाजत नाही.”

रामदासभाऊंची निराशा झाली. टेबलावर आमचा बिल्ला ठेवला होता. केंद्रात कामाला जाताना प्रत्येकाला छातीवर लावावा लागतो, तो. त्यांनी तो उचलून पाहिला. “हा ताईत हाये काय?”

“नाही मामाजी,” निलेश पहिल्यांदाच बोलला. “ताईत वाचवते म्हणतात. हा फक्त मोजते. किती लागलं ते.”

एव्हाना आजूबाजूला बरीच माणसं जमली होती. सोयरिकीचा मामला आहे हे कळायला आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. फवारणी पंपवाला आपलं गिऱ्हाईक सोडून पुढे आला आणि म्हणाला, “भाऊ, तुमीच उभे राहा ना. म्हंजे फरक दिसन.”

रामदासभाऊंनी छाती पुढे काढली. “लावा मॅडम. जिंदगी वावरात गेली. एकदम शुद्ध माणूस हाये मी.”

मी मीटर त्यांच्या छातीजवळ नेला.

तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा मीटर वाजला. मी मागे घेतला, आवाज थांबला. पुन्हा नेला, पुन्हा लाह्या. कमलवहिनी ओरडल्या, “माय वं! लागलं यायले!”

“काय लागलं?” कोणीतरी विचारलं.

“याचंच लागलं! आत्ताच या पोट्ट्याच्या हातात हात देल्ला होता यायनं!”

सगळी गर्दी एकदम मागे सरकली. ‘लीक’ हा शब्द दोन-तीन ठिकाणी ऐकू आला. पंपवाला आपल्या पंपांवर ताडपत्री ओढायला लागला. तेवढ्यात माझा फोन वाजला. कर्णिकसाहेब.

“मॅडम, आजचे फोटो आले नाहीत. गर्दी आहे ना?”

“आहे साहेब.”

“व्हेरी गुड. अगदी स्टॉलजवळ आहे का?”

“थोडी मागे सरकली आहे.”

“मग बोलवा ना जवळ!” म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या पाठोपाठ प्रदर्शनाचे व्यवस्थापक धावत आले. म्हणाले, स्टॉल आत्ताच्या आत्ता बंद करा, नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल. मी त्यांना म्हटलं, थोडं थांबा. निलेश माझ्या कानाशी पुटपुटला, “मॅडम, संपलं. आता काही होत नाही.” त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

मला मात्र काय झालंय ते समजलं होतं. आमच्या केंद्राच्या गेटवर एक चौकट असते. घरी जाताना प्रत्येकाला तिच्यातून जावं लागतं. अंगाला काही लागलं असेल तर ती ओरडते. एकदा एक अकाउंटंट कामावर येताना उलट दिशेने तिच्यातून गेले आणि ती ओरडली. अकाउंटंटच्या अंगावर बाहेरून रेडिएशन येणार कुठून? तर आदल्या दिवशी त्यांनी हृदयाची तपासणी करून घेतली होती. त्या तपासणीत नसेतून एक औषध देतात. त्यात थोडं रेडिएशन असतं. ते रक्तासोबत हृदयात जातं आणि रक्त कुठे नीट पोचत नाही ते यंत्रावर दिसतं. काही तासांतच त्याचा जोर ओसरत जातो, पण चांगल्या मीटरला दुसऱ्या दिवशीही ते ऐकू येतं. अपाय काही नाही.

मी हळूच विचारलं, “भाऊ, काल कुठे होता?”

उत्तर कमलवहिनींनी दिलं. “कोर्टात. अमरावतीले. धुऱ्याची केस चालू हाये ना.”

धुरा म्हणजे वावराचा बांध. रामदासभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. बैलाचे दात पाहणारी ती नजर आता विनवणी करत होती.

माझी पंचाईत झाली. एक वाक्य बोलले असते तर स्टॉल वाचला असता, निलेशही सुटला असता. पण माणसाचा आजार त्याचा स्वतःचा असतो. बायकोच्या आणि पंपवाल्याच्या देखत मी तो कसा उघडा करणार? आमच्या कामात ज्याचा आकडा त्याला आधी सांगायचा असतो. त्याच वेळी मला रागही आला होता. स्वतःचं छातीतलं लपवून हा माणूस आमच्या पोराची छाती तपासायला आला होता.

“दुसरं रीडिंग एकट्याचं घ्यावं लागतं,” मी मोठ्याने सांगितलं. “भाऊ, मागे या.”

फ्लेक्सच्या मागे रिकामे खोके पडले होते. रामदासभाऊ त्यातल्या एका लाकडी पेटीवर बसले.

“मशीननं सांगतलं तुमाले?”

“मशीन आहे एवढंच सांगतं. बाकी मी ओळखलं. छातीत दुखतं?”

“वजन उचललं की. सोयाबीन निघालं तवापासून.”

“वहिनींना का नाही सांगितलं?”

“सांगतलं असतं त घरात रडारड झाली असती. भाचीचं लग्न थांबलं असतं.”

“लग्न तर तुम्हीच थांबवलंय भाऊ!”

“थे वेगयं,” म्हणाले.

“रिपोर्ट काय आला?”

“आणाले गेलोच नाई.” टोपी काढून त्यांनी घाम पुसला. “भेव वाटते मॅडम.”

माझा राग तिथेच गेला. मी विचारलं, दवाखान्यात तुम्हाला काही सांगितलं नाही का?

“सांगतलं ना. दिवसभर लायन्या लेकरायले जवय घेऊ नका, पोटुशी बाईजवय बसू नका. मले वाटलं, हार्टवाल्यानं कोणाचा जीव लावून घेऊ नाई म्हणून असन.” मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “म्हंजे आता माह्या अंगात अणू हाये?”

“या सगळ्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त तुमच्याच अंगात आहे. निलेश तुमच्यापुढे काहीच नाही.”

त्यांनी छातीवरचा हात चटकन काढला. “मंग मले काई...?”

“काही होत नाही. एक-दोन दिवसांत मीटरलाही सापडणार नाही. ते औषध अणुभट्टीतच तयार होतं. वीज करणारी नव्हे, दुसरी.”

“या पोराच्या कारखान्याची कोण लागते थे?”

“भावकीतली समजा.”

ते त्यांना पटलं. मी उठले. “मी कोणाला काही सांगणार नाही भाऊ. तुमचं तुम्ही ठरवा. पण बाहेर पोरगं उभं आहे.”

रामदासभाऊंनी टोपी घातली, बाहेर आले, दोन्ही हात वर करून गर्दीला म्हणाले, “काई नाई, काई नाई! मशीन बिघडलं होतं!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वापरण्याआधी प्रत्येक मीटर माहीत असलेल्या रेडिएशनसमोर धरून तपासतात, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. माझ्या साऱ्या नोकरीत माझ्या मीटरला कोणी बिघडलेला म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडणार तोच कमलवहिनी बोलल्या.

“मशीन बिघडलं त मंग पोराचंही खोटंच निघालं ना?”

“बराबर हाये,” पंपवाला म्हणाला. गर्दीने माना हलवल्या. निलेशने डोळे मिटले.

कमलवहिनींनी पिशवी टेबलावर ठेवली आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “मले लावा.”

लावला. टिक... टिक... टिक.

“आता यायले लावा.”

मी रामदासभाऊंकडे पाहिलं. ते नाही म्हणाले नाहीत. मीटर नेला आणि पुन्हा लाह्या फुटल्या.

“मशीन बराबर हाये,” वहिनी म्हणाल्या. “बिघाड तुमच्यात हाये. काल कोठी गेलते?”

रामदासभाऊंनी पुन्हा टोपी काढली. “दवाखान्यात.”

“अन् कोर्ट?”

“कोर्ट नव्हतं.” मग त्यांनी सगळं सांगितलं. छातीत दुखतं ते, सुई टोचली ते, यंत्राखाली निजवलं ते, रिपोर्ट आणायला पाय उचलत नाही ते. पंपवाल्याने ऐकू यावं म्हणून आपला लाउडस्पीकर बंद केला होता.

मला वाटलं, वहिनी आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “मले सोबत काहून नाई नेलं?” आणि त्यांचा आवाज फाटला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी उगाच फ्लेक्सवरचा पृथ्वीचा गोळा पाहत उभी राहिले.

मग त्या सावरल्या आणि ओरडल्या. तेव्हा मात्र ठिबक सिंचनापलीकडच्या ट्रॅक्टरवाल्यांपर्यंत ऐकू गेलं. रामदासभाऊ मान खाली घालून ऐकत होते. व्यवस्थापकांनी मला विचारलं, “म्हणजे लीक नाही ना?” म्हटलं, नाही. “मग चालू द्या,” म्हणाले आणि तेही ऐकत उभे राहिले.

वहिनी श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा रामदासभाऊ निलेशकडे वळले.

“खरं सांग पोरा. तुले तिथं भेव नाई वाटत?”

या प्रश्नाला आमचं ठरलेलं उत्तर आहे. ‘आमचं केंद्र पूर्णपणे सुरक्षित आहे.’ आम्हाला ट्रेनिंगमध्ये ते पाठ करून घेतात. आणि ते ऐकून आजवर एकाही माणसाची भीती गेलेली मी पाहिली नव्हती.

निलेश म्हणाला, “वाटते ना मामाजी. म्हणून तर रोज मोजतो.”

“आमी भेव वाटते म्हणून मोजतच नाई,” रामदासभाऊ म्हणाले.

वहिनींनी पिशवी उचलली. “चाला. रिपोर्ट आणू आधी.”

“चाल.”

“अन् या पोराचं?”

“पोराचं काय? त्याच्या अंगात तर काईच नाई निघालं,” रामदासभाऊ म्हणाले. “त्याले म्हणा, तारीख काढाले आईले पाठव.” हे त्यांनी निलेशच्या समोर उभं राहून वहिनींना सांगितलं, कारण जावई होणाऱ्याशी लग्नाचं थेट बोलायचं नसतं. निलेशने वाकून दोघांना नमस्कार केला. त्याने तिथूनच प्राजक्ताला फोन लावला. तिने लग्नाचं काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न विचारला, “मामाचा रिपोर्ट कधी भेटते?”

रिपोर्टमध्ये एक नळी बरीच बंद निघाली. डॉक्टरांनी स्टेंट बसवला, म्हणजे ती नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी. लग्न पुढे ढकलावं लागलं, आणि ते ढकलायला या वेळी मुलाकडच्यांनीच सांगितलं. लग्नात रामदासभाऊ प्रत्येक पाहुण्याला जावयाचं कौतुक सांगत होते. “अणूत हाये,” म्हणायचे, “पण काईच लागू देत नाई.”

त्या दिवशी प्रदर्शनात मात्र भलताच प्रकार झाला. दोघं गेल्यावर आमच्या स्टॉलसमोर रांग लागली. सगळ्यांना आपल्या छातीवरून मीटर फिरवून हवा होता. मी घसा फोडून सांगत होते की याने हार्ट कळत नाही. “असू द्या बाई, एकडाव लावा,” म्हणायचे. पंपवाल्याने दोनदा लावून घेतला. त्या रांगेतल्या किमान काही माणसांनी नंतर खऱ्या दवाखान्यात छाती दाखवली असेल, एवढी आशा मी ठेवते. रांगेचे फोटो काढून मी साहेबांना पाठवले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. “वा मॅडम! काय रिस्पॉन्स आहे! आता मला सांगा, लोकांना अणुऊर्जा पटली का?”

“सगळ्यांचं सांगता येत नाही साहेब. एकाला नक्की पटली.”

“कशावरून?”

“भाची दिली त्यांनी.”

साहेबांनी हे वरच्यांना कळवलं नाही. कळवायला हवं होतं. आमचे लोक भाषणं करतात, माहितीपत्रकं वाटतात आणि शेवटी ऐकणाऱ्यांना विचारतात, भीती गेली का. ऐकणारे हो म्हणतात, चहा पितात आणि घरी जातात. रामदासभाऊंनी हो म्हटलं नव्हतं. त्यांनी भीती वाटत असतानाच रिपोर्ट आणला आणि भीती वाटत असतानाच भाची दिली. माझ्या हिशोबात पटणं म्हणतात ते एवढंच.